कोयोआकानचे निळे घर : फ्रिडा काहलो संग्रहालय कोणी आणि कसे पाहावे

मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातील कोयोआकान या जुन्या वस्तीत, लोंद्रेस रस्त्यावर 247 क्रमांकाचे जे गडद निळ्या भिंतींचे घर आहे, त्याला तेथील लोक ‘कासा असुल’ म्हणतात. चित्रकार फ्रिडा काहलो 1907 साली जन्मली आणि 1954 साली तिचे निधन झाले ते याच घरात, आणि 1958 पासून ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले आहे. तिची गाजलेली चित्रे पाहण्याच्या एकमेव इच्छेने येथे येणाऱ्याची काहीशी निराशा होईल, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. ‘दोन फ्रिडा’ हे 1939 सालचे मोठे चित्र शहरातल्याच चापुल्तेपेकच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, आणि पाठीच्या कण्याच्या जागी ठिकठिकाणी भंगलेला दगडी खांब दाखवणारे 1944 सालचे आत्मचित्र कलासंग्राहक दोलोरेस ओल्मेदो यांच्या संग्रहात आहे. परंतु ज्यांच्या घरातले एखादे माणूस अपघातानंतर अंथरुणाला खिळले आहे, जे स्वतः त्यातून गेले आहेत, किंवा अशा माणसांची शुश्रूषा हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी याइतके मोलाचे संग्रहालय माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे इजा झालेल्या रुग्णांना रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी मदत करते. शिक्षण मुंबईत झाले आणि आता नोकरीनिमित्त ह्यूस्टनमध्ये राहते. पाठीच्या कण्याला इजा झालेले रुग्ण माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहेत, त्यामुळे हा परिचय चित्रकलेच्या जाणकाराने लिहिलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मी त्या घरात पलंगाची उंची पाहिली, हात कुठवर पोहोचत असेल याचा अंदाज घेतला, बुटाच्या टाचा न्याहाळल्या, आणि पाठ ताठ धरून ठेवणाऱ्या कॉर्सेटच्या पट्ट्या छातीला कुठे टोचत असतील याचा विचार करत उभी राहिले. त्या घराचे खरे वैभव अशाच वस्तूंमध्ये आहे असे माझे मत आहे.

अपघाताची हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते, तरीही ती नेमकेपणाने समजून घेतल्याशिवाय घरातल्या वस्तूंचा अर्थ लागत नाही. 17 सप्टेंबर 1925 रोजी फ्रिडा अठरा वर्षांची होती. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा मानस ठेवून ती राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयात शिकत होती, आणि आलेहान्द्रो गोमेस आरियास या मित्रासोबत बसने घरी परतत असताना त्या लाकडी बसला ट्रामने धडक दिली. बसमधला लोखंडी कठडा तिच्या कमरेतून आरपार गेला. पाठीचा कणा, गळ्याजवळचे हाड, बरगड्या आणि ओटीपोटाची हाडे मोडली, आणि वयाच्या सहाव्या वर्षी झालेल्या पोलिओने आधीच बारीक राहिलेल्या उजव्या पायाचे अनेक तुकडे झाले. महिनाभर ती रेडक्रॉसच्या रुग्णालयात होती. कण्याच्या इजेचे पूर्ण स्वरूप डॉक्टरांच्या लक्षात यायला बराच काळ गेला, आणि ते लक्षात आल्यावर तिला पुन्हा प्लास्टरच्या कॉर्सेटमध्ये बांधून महिनोन्‌महिने उताणे निजवण्यात आले. डॉक्टर होण्याचा विचार तिथेच संपला.

वरच्या मजल्यावरच्या शयनगृहात चार खांबांचा लाकडी पलंग आहे. बहुतेक लोक त्यावर ठेवलेल्या मृत्यूनंतरच्या मुखवट्याकडे पाहतात आणि पुढे सरकतात. मी मात्र वर पाहत राहिले, कारण त्या पलंगाच्या छताच्या आतल्या बाजूला, निजलेल्या माणसाच्या तोंडावर येईल असा, आरसा बसवलेला आहे. अपघातानंतर तिच्या आईने, मातिल्दे काल्देरोन यांनी, ही व्यवस्था केली. उठून बसता येत नाही अशा मुलीला निजल्या निजल्या चित्र काढता यावे म्हणून त्यांनी पलंगाला जोडता येईल असा खास लाकडी ईझल, म्हणजे चित्र टेकवण्याची चौकट, करवून घेतला, आणि समोर बसायला कोणी माणूस नसतानाही पाहून काढण्याजोगा एक चेहरा मुलीला मिळावा म्हणून वर आरसा लावला. वडील गिलेर्मो काहलो हे छायाचित्रकार होते. त्यांच्या स्टुडिओच्या कोपऱ्यात तैलरंगांची एक पेटी पडून असे, आणि फ्रिडाचे लहानपणापासून तिच्यावर लक्ष होते. ती पेटी त्यांनी मुलीला दिली.

या तीन गोष्टींकडे माझ्यासारखीने व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांत पुनर्वसनाचा सगळा पाया सापडतो. उताणे निजलेल्या माणसाचा हात खांद्यापासून वर उचलला की काही मिनिटांतच भरून येतो, म्हणून कामाचा पृष्ठभाग पुरेसा जवळ आणि कललेला असावा लागतो. कोपराला कशाचा तरी आधार लागतो. रंग, पाणी आणि फडके मान न वळवता हाताशी येतील असे ठेवावे लागतात, कारण कॉर्सेटमध्ये मान आणि धड एकदमच वळतात, किंवा वळतच नाहीत. एवढे सगळे जुळल्यावर हाती घेतलेले काम रुग्णाला खरोखर हवेसे वाटणारे असावे लागते, आणि ही अट सर्वांत अवघड असते. मातिल्देबाईंना यातले शास्त्र कोणी शिकवले नव्हते. त्यांनी आपली मुलगी पाहिली, पलंग पाहिला आणि सुताराला काम सांगितले. कमरेपासून जखडलेल्या माणसासमोर असा ईझल कसा उभा राहतो हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी फ्रिडाचे 1945 सालचे ‘आशेविना’ या नावाचे चित्र जरूर पाहावे. ते या घरात नाही, पण त्याच्या प्रती सहज मिळतात. त्यात पलंगाच्या दोन्ही बाजूंना टेकवलेली लाकडी चौकट अगदी स्पष्ट दिसते, जरी चित्राचा विषय निराळा आणि भयंकर असला तरी.

आरशाचा परिणाम पुढे आयुष्यभर टिकला. 1926 साली, म्हणजे अपघातानंतर वर्षभराने, तिने आपले पहिले महत्त्वाचे आत्मचित्र रंगवले. मखमली पोशाखातली, लांब मानेची ही तरुणी आलेहान्द्रोला भेट देण्यासाठी काढलेली होती. पुढे तिच्या हातून जी दीडशेच्या आसपास चित्रे झाली, त्यांतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा आत्मचित्रांचा आहे. या आत्मचित्रांना आत्ममग्नता म्हणणारे लेखन मी वाचले आहे, आणि तो पलंग पाहिल्यावर ते मला फारच अन्यायाचे वाटते. ज्या मुलीच्या डोळ्यांसमोर महिनोन्‌महिने एक आरसा आणि त्यात दिसणारा एकच चेहरा होता, तिने तोच चेहरा अभ्यासाला घेतला. जे समोर आहे ते नीट पाहायचे आणि त्यातून काम उभे करायचे, ही सवय तिला तिथे लागली.

आमच्या विषयाचा आणि कलेचा संबंध जुना आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातले पहिले विद्यालय सुरू केले, तेव्हा विणकाम, सुतारकाम, रंगकाम हे सगळे उपचाराचे साहित्य होते. हाताला काम मिळाले की बोटे चालतात, लक्ष एकाग्र होते, दिवसाला आकार येतो आणि रुग्णाला आपण कशाला तरी उपयोगी आहोत असे वाटू लागते, हा त्यामागचा साधा विचार होता. आजही खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये, जिथे सैन्यातल्या नोकरीत असताना कण्याला इजा झालेले जवान राहतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे कलावंत तयार झालेले आहेत. तरीही अनेक ठिकाणी हा भाग उपचारांच्या यादीत शेवटी टाकला जातो. मी पूर्वी काम केलेल्या एका रुग्णालयात रंग, कागद आणि मातीचे साहित्य कुलपात असायचे आणि पाहुणे येणार असले की बाहेर निघायचे. कल्याणच्या एका तरुण फिटरला, जो लोकलमधून पडून छातीखाली लुळा झाला होता, सलाईनच्या स्टँडला फळी बांधून आम्ही अक्षरे गिरवायला दिली. पुढे तो वॉर्डातल्या सगळ्यांच्या नावांच्या पाट्या करू लागला. औषधे वेळेवर घ्यायला तो त्याच सुमारास लागला, हे त्याच्या आईने मला सांगितले होते. कोयोआकानच्या त्या खोलीत मला तो सारखा आठवत होता.

घराच्या आवारातल्या वेगळ्या दालनात फ्रिडाच्या कपड्यांचे आणि वैद्यकीय साधनांचे प्रदर्शन आहे. माझ्या मते संग्रहालयाचा हा दुसरा महत्त्वाचा भाग, आणि इथे घाई अजिबात करू नये. या वस्तू लोकांसमोर आल्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रिडाच्या मृत्यूनंतर तिचे पती, विख्यात भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा यांनी तिच्या खासगी वस्तू स्नानगृहात बंद करायला लावल्या आणि आपल्या मृत्यूनंतर पंधरा वर्षे ती खोली उघडू नये असे सांगून ठेवले. रिवेरा 1957 साली वारले. घराची व्यवस्था ज्यांच्याकडे आली त्या दोलोरेस ओल्मेदो यांनी त्या हयात असेतो खोली बंदच ठेवली, आणि अखेर 2004 मध्ये दार उघडले गेले. आत सुमारे तीनशे वस्त्रे आणि दागिने, हजारो छायाचित्रे आणि कागदपत्रे, औषधे, कुबड्या, कॉर्सेट असे सगळे होते. त्यातूनच 2012 साली ‘दिसते तसे नसते’ अशा अर्थाच्या नावाचे प्रदर्शन या घरात मांडले गेले. हे नाव तिथेच सापडलेल्या एका रेखाचित्राचे आहे, ज्यात फ्रिडाने स्वतःला घोळदार पोशाखात काढले असून कापडातून आतले कॉर्सेट आणि अशक्त पाय आरपार दिसतात.

एका काचेमागे प्लास्टरचे एक कॉर्सेट ठेवले आहे. प्लास्टरचा पांढरा रंग काळानुसार पिवळसर पडला आहे, कडा झिजल्या आहेत, आणि छातीवर लाल रंगात, ती मानत असलेल्या कम्युनिस्ट विचाराचे चिन्ह असलेला, कोयता-हातोडा काढलेला आहे. त्याच्या खाली, पोटाच्या जागी, गर्भातले मूल आहे. कमरेतून लोखंड गेलेल्या या बाईला मूल हवे होते आणि ते कधी होऊ शकले नाही, हे ठाऊक असलेल्याला त्या चित्रापुढे उभे राहणे सोपे जात नाही. मला जे जाणवले ते हे की हे चित्र तिने अंगावर असलेल्या प्लास्टरवर, आरशात पाहून काढलेले असणार, आणि तसे असेल तर कोयत्याचे वळण, हातोड्याचा दांडा, मुलाचे डोके हे सगळे तिला उलटे दिसत असताना काढावे लागले असेल. ज्या वस्तूने तिला जखडून ठेवले होते तिचाच तिने कॅनव्हास केला. प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेणारे रुग्ण मी खूप पाहिले आहेत, पण आपल्या सक्तीच्या कवचाला इतके पूर्णपणे आपलेसे केलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

तिथेच तिचे बूट आहेत, ज्यांत उजव्या बुटाची टाच आणि तळवा मुद्दाम उंच केलेला आहे, आणि शेजारी तिचा कृत्रिम पाय आहे. ऑगस्ट 1953 मध्ये गँगरीनमुळे तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पायाला तिने लाल चामड्याचा, बांधणीचा, उंच टाचेचा बूट करून घेतला, त्यावर चिनी भरतकामाचे रेशमी कापड बसवले आणि छोटी घंटा लावली. कृत्रिम अवयव लपवायचा की मिरवायचा, या प्रश्नावर आमच्याकडच्या रुग्णांशी किती वेळ बोलणे होते हे मला माहीत आहे, म्हणून सांगते, अशा रुग्णाला हा बूट दाखवावा. दक्षिण मेक्सिकोतल्या बायकांच्या तेहुआना पद्धतीचे लांब घागरे, वर चौकोनी, सैल पोलके, डोक्यावर फुले असा तिचा प्रसिद्ध वेश होता. आईच्या माहेरच्या वारशाशी आणि मेक्सिकन अस्मितेशी त्याचा संबंध सांगितला जातो आणि तो खराच आहे, पण त्यासोबत दुसरी बाजूही या दालनात नीट समजते. घागऱ्याने पाय झाकला जातो, सैल पोलक्याखाली कॉर्सेट मावते, आणि सगळी सजावट चेहऱ्याभोवती एकवटल्याने पाहणाऱ्याची नजर वर राहते. कमी हालचालीत घालता येईल असा आणि तरीही भव्य दिसणारा पोशाख तिने शोधून काढला होता.

आता थोडे त्या मताविषयी, ज्यामुळे हा परिचय लिहावासा वाटला. फ्रिडाला कलेने बरे केले असे सर्रास लिहिले जाते, आणि दुकानातल्या पिशव्या, कप आणि चुंबकांवर तिच्या दैनंदिनीतले ‘उडायला पंख असताना पाय कशाला हवेत’ हे प्रसिद्ध वाक्य छापून विकले जाते. ते वाक्य तिने 1953 साली, पाय कापायच्या सुमारास, तोडलेल्या पावलांच्या चित्रासोबत लिहिले होते, हे त्या पिशवीवर कुठेच नसते. फ्रिडा बरी झाली नाही. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या कण्यावर हाड जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, 1950 सालचा बहुतेक काळ ती एकापाठोपाठच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालयात होती, वेदनाशामक औषधांवरचे अवलंबन वाढत गेले, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली. एवढ्या दुःखातही तिच्याकडे दर सकाळी करण्यासारखे काम होते, आणि ते काम तिचे स्वतःचे होते. अपघातग्रस्ताला कलेकडून काय मिळू शकते याचा हा मला सर्वांत प्रामाणिक नमुना वाटतो, कारण त्यात खोटे आश्वासन नाही. ‘चित्रे काढ, बरा होशील’ असे जेव्हा नातेवाईक रुग्णाला सांगतात, तेव्हा हाडे आणि मज्जातंतू त्या वचनाला जागत नाहीत आणि मग चित्रांवरचाही विश्वास उडतो. ‘चित्रे काढ, उद्या उठल्यावर पुढचा भाग रंगवायचा असेल’ हे मात्र खरे ठरते.

या घरातली दोन चित्रे या संदर्भात शेजारी ठेवून पाहावीत, दोन्हींवर 1954 हे साल आहे. एकात कापलेली आणि अखंड कलिंगडे आहेत, आणि पुढच्या लालभडक फोडीवर जीवनाचा जयजयकार करणारे शब्द तिने कोरल्यासारखे लिहिले आहेत. याच्या प्रती दुकानात भरपूर खपतात. दुसरे चित्र त्यामानाने दुर्लक्षित आहे. मार्क्सवाद आजाऱ्यांना आरोग्य देईल, असे त्याचे शीर्षक आहे. त्यात चामड्याच्या कॉर्सेटमधली फ्रिडा दोन मोठ्या हातांच्या आधाराने उभी आहे आणि तिच्या कुबड्या गळून पडत आहेत. रंग घाईचे आहेत, हात स्थिर राहिला नसल्याच्या खुणा आहेत, आणि चित्र म्हणून ते तिच्या उत्तम कामात बसत नाही. तरीही चालण्याची इच्छा इतक्या उघडपणे, इतक्या थकल्या हाताने मांडलेली पाहून मी तिथे कलिंगडांपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. याच घरात रुग्णालयातल्या बिछान्यात हाती घेतलेले आणि अपूर्ण राहिलेले तिच्या कुटुंबाचे एक चित्रही आहे, ज्यात काही चेहरे अजून रंगाची वाट पाहत आहेत.

स्टुडिओ हा घराचा सर्वांत प्रकाशमान भाग आहे. 1946 साली वास्तुविशारद हुआन ओ’गोर्मान यांनी ज्वालामुखीच्या काळ्या दगडात ही जोड-इमारत बांधली. मोठ्या खिडक्या बागेकडे उघडतात. अमेरिकन धनिक नेल्सन रॉकफेलर यांनी दिलेला, उंची बदलता येणारा ईझल आहे आणि त्याच्यासमोर तिची चाकाची खुर्ची ठेवली आहे. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला कुठे अडतील, बाटल्या किती अंतरावर आहेत, हे मी आपोआप पाहत गेले. जवळच रंगांच्या भुकट्या, कुंचले, आरसे आणि शरीरशास्त्राची पुस्तके आहेत, डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीने कधी न सोडलेली.

जीवनाला हेतू मिळतो तो केवळ स्वतःच्या चित्रांमधून, असे मात्र नाही, आणि या घराने मला हेही दाखवले. 1943 पासून फ्रिडा ‘ला एस्मेराल्दा’ या कलाशाळेत शिकवू लागली. प्रकृतीमुळे शाळेपर्यंत जाणे जमेना, तेव्हा विद्यार्थीच कोयोआकानला येऊ लागले. शेवटपर्यंत टिकलेल्या चौघांना लोक ‘लोस फ्रीदोस’ म्हणत. त्याच वर्षी तिने त्यांच्याकडून जवळच्या एका, पुल्के हे घायपाताच्या रसाचे मद्य विकणाऱ्या, गुत्त्याच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. मेक्सिकोत तिचे पहिले एकल प्रदर्शन 1953 च्या एप्रिलमध्ये छायाचित्रकार लोला आल्वारेस ब्राव्हो यांच्या दालनात भरले, तेव्हा डॉक्टरांनी उठायला मनाई केलेली असल्यामुळे तिचा पलंगच आधी दालनात नेऊन ठेवला गेला आणि ती रुग्णवाहिकेतून येऊन त्यावर निजली. उपस्थित मंडळी पलंगाभोवती जमली. हा प्रसंग नाट्यमय म्हणून सांगितला जातो. मी त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहते, कारण रुग्णाला कामाच्या जागी नेता येत नसेल तर बिछान्यासकट न्यावे, एवढी साधी गोष्ट अमलात आणणारी माणसे तिच्याभोवती होती.

जिन्याच्या भिंतीवर पत्र्यावर रंगवलेल्या छोट्या नवसाच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. आपण आजारातून, अपघातातून, दरोड्यातून वाचलो त्याची हकीकत चित्रात दाखवून खाली देवीला किंवा संताला धन्यवाद लिहायचे, अशी मेक्सिकोतली लोकपरंपरा आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही. फ्रिडाने अशी चित्रे शेकड्यांनी जमवली, आणि बस-ट्रामच्या टकरीचे दुसऱ्या कुणाचे तरी जुने चित्र हाती लागल्यावर त्यात बदल करून, पडलेल्या मुलीला स्वतःच्या जुळलेल्या भुवया देऊन, ते आपल्याच अपघाताचे करून टाकले. एरवी त्या दिवसाचे तिने फक्त एक पेन्सिलीचे रेखाचित्र काढले. इतकी वर्षे वेदनेची चित्रे काढणाऱ्या बाईने अपघाताचा क्षण कधी रंगवला नाही, याचा मी माझ्या कामात उपयोग करते. रुग्णाला ‘काय झाले ते चित्रात काढ’ असे पहिल्याच दिवशी सांगणारे पुष्कळ असतात. तिने आपल्याला हवे तेव्हा, हव्या त्या बाजूने त्या विषयाला हात घातला.

प्रत्यक्ष भेटीविषयी आवश्यक ते सांगते. तिकीट वेळेच्या टप्प्यांनुसार मिळते आणि संकेतस्थळावरून आगाऊच घ्यावे, कारण बरीच आधी तिकिटे संपतात. परदेशी पर्यटकांसाठी दर मेक्सिकन नागरिकांपेक्षा जास्त आहे, आणि त्याच तिकिटावर दिएगो रिवेरा यांनी उभारलेले आनाहुआकायी संग्रहालयही पाहता येते, तेव्हा तिकीट जपून ठेवावे. सोमवारी सुट्टी असते. दिवसातला पहिला टप्पा घ्यावा, कारण खोल्या लहान आहेत आणि पलंगासमोर दहा जण उभे असले तरी आरसा नीट दिसत नाही. घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे, शयनगृहे आणि स्टुडिओ वरच्या मजल्यावर आहेत, म्हणून चाकाच्या खुर्चीवरून किंवा कुबड्यांवर येणाऱ्याने तिकीट घेण्यापूर्वी पत्र लिहून आत कुठवर जाता येईल याची चौकशी करावी. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही त्यांच्यासाठी बागेत, छोट्या पिरॅमिडसारख्या चौथऱ्याच्या आसपास, टेकायला जागा आहे. कपड्यांचे दालन आणि घर यांच्यामध्ये तिथे विश्रांती घ्यावी. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, फक्त कृत्रिम पाय आणि मुखवटा यांविषयी आधी बोलून ठेवावे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा प्रवास फारसा कठीण नाही. ह्यूस्टनहून विमानाने साधारण अडीच तास लागतात, आणि सध्याच्या नियमांनुसार अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावा. शहरातून मेट्रोने कोयोआकानपर्यंत यावे आणि पुढे झाडांच्या सावलीतून चालत जावे किंवा टॅक्सी करावी. दुकानात वेळ घालवायचाच असेल तर कप-पिशव्यांऐवजी पोशाखांच्या प्रदर्शनाची माहिती-पुस्तिका पाहावी. कॉर्सेट आणि बुटांची जवळून घेतलेली छायाचित्रे थेरपीच्या विद्यार्थ्यांना दाखवायला उपयोगी पडतात.

ज्यांना तिथे जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर घराची फिरती दृश्ये पाहण्याची सोय आहे. अंथरुणावर असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मी ती आता नेमाने दाखवते. शयनगृहात शिरल्यावर दृश्य वरच्या बाजूला वळवायला सांगते, म्हणजे पलंगाच्या छतातला आरसा दिसतो, आणि मग त्यांच्या घरातल्या पलंगाची लांबी, उंची आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे हे विचारून घेते.